ओल्या लाकडाची काजळी

—बूट नको काढूस, राहू देत, राहू देत म्हटलं ना! सबंध छत तुडवून आलीस, त्या बुटांनी जमीन काय आणखी खराब होणार, आणि झाली तर मी पुसेन, हल्ली मीच पुसतो. बस. तिथं नको, ती सिग्रुनची खुर्ची — इकडे बस, खिडकीशी. कॉफी घेतेस ना? घेतेसच. तुझा बाप कॉफी घेतल्याशिवाय कधी या घरातून गेला नाही. आधी कॉफी, मग धुराडं, मग परत कॉफी, आणि मधे या खोऱ्यातल्या सगळ्यांच्या भानगडी. कोणाच्या धुराड्यात काय निघालं ते मात्र तोंडातून कधी नाही. फार पक्का माणूस. तो गेला नि तू त्याचा धुराडी साफ करायचा ब्रश हातात घेतलास तेव्हा इथले लोक म्हणाले, बाईमाणूस छतावर चढणार का, बर्फात? मी म्हटलं, आर्नेची पोर आहे, चढेल. विचार कोणालाही, मी म्हटलं होतं. तर — हे काय धरून आलीस हातात? बघू.

ह्या. हे आमचं नाही. नाही उन्नी, हे आमच्या धुराड्यातलं असूच शकत नाही, तुझ्या ब्रशला आधीच्या घरातलं चिकटलं असेल, तिकडे पुलापलीकडे ते शहरातले लोक आलेत ना, त्यांच्याकडे आधी गेली असशील — नाही गेलीस? सकाळपासून हेच पहिलं घर? बरं. बरं, पण हे बघ ना कसं चकाकतंय, काळ्या काचेसारखं. डांबरच आहे हे. ही काजळी कोणाकडे निघते? ओलं लाकूड जाळणाऱ्याकडे. ज्यानं उन्हाळाभर हातपाय हलवले नाहीत आणि ऑक्टोबरात पेट्रोलपंपावरून जाळीच्या पोत्यातली लाकडं आणली, त्याच्याकडे. मी आयुष्यात ओलं लाकूड जाळलेलं नाही. मार्च संपायच्या आत माझी झाडं आडवी झालेली असतात, खोडात रस चढायच्या आधी. ईस्टरला फोडून होतात. मेमध्ये थप्पी लागलेली असते, वारा आरपार जाईल अशी, उंदीर जाईल पण मांजर जाणार नाही एवढी फट ठेवून, वरच्या थराची साल आभाळाकडे. आणि ती थप्पी त्या वर्षी नाहीच जाळायची, पुढच्या वर्षी. आत्ता जे जळतंय ना ते गेल्याच्या गेल्या साली तोडलेलं. हातात घे ही लाकडाची फोड. घे गं. आता ही दुसरी, आपट एकमेकींवर — ऐकलंस? टण्ण. ओली असती तर नुसती थप्प वाजली असती. मला विचारतेस, लाकूड ओलं होतं का!

हां, विकतचं असेल. गेल्या हिवाळ्यात माझी पाठ धरली होती, तेव्हा थोडं विकत घेतलं. तेच ओलं निघालं असणार, हल्ली लोकांना शरम म्हणून राहिलेली नाही. कोणाकडून म्हणजे? आता कोणाकडून — येतो एक जण ट्रेलर घेऊन. नाव नाही बुवा आठवत. उंचसा आहे. काय हसतेस? बापासारखीच हसतेस, एका बाजूनं. ठीक आहे, नाही घेतलं विकत. कधीच घेतलं नाही. मेलो तरी घेणार नाही.

हो गं सिग्रुन, पाहुणी आली आहे. ही उन्नी, आर्नेची मुलगी. धुराडं बघायला आली आहे. नाही, आर्ने नाही आला. आर्ने गेला गं, मागेच. हो, वाईट झालं. बस तू, तुझी खुर्ची रिकामीच आहे. बस.

थोडं विसरते. वय झालं, आपण सगळेच विसरतो, मी परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला. पण तुला सांगतो, या बाईनं — आणि हिच्या बापानं! लग्नाचं विचारायला मी गेलो नव्हतो, तोच आला होता आमच्याकडे. जमीन किती, गाई किती, एक शब्द विचारला नाही. आईनं टेबलावर वॅफल आणून ठेवले, त्यांना हात नाही लावला. सरळ घरामागे गेला, माझ्या थप्पीसमोर उभा राहिला, टोपी मागे सरकवली. मधूनच एक फोड उपसली — मधून हं, वरची नाही, वरची काय कोणीही चांगली ठेवतो — आणि खिशातून काढलं काय? भांडी घासायचा साबण. बाटलीत घालून आणला होता. फोडीच्या एका टोकाला साबण चोळला नि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकर मारली, गाल फुगवून, शिंग फुंकतात तशी. भूर्जाचं लाकूड चांगलं वाळलं असलं तर फुंकर आरपार जाते, टोकाला बुडबुडे येतात. मी बाजूला उभा, नजर त्या टोकावर. आले बुडबुडे. तोंड पुसलं, आत आला, आणि मग खाल्ले वॅफल, सगळे. जून ठरला लग्नाला. सिग्रुन कितीतरी वर्षं मला चिडवायची, म्हणायची, तुला नाही केलं मी हालवार, तुझ्या भूर्जाला केलं.

धुराचा रस्ता किती उरलाय म्हणतेस? एवढाच? मूठभर? तू अंगठा नि बोट जुळवून दाखवतेस, तेवढासुद्धा नसेल एखाद्या वेळी — नाही, थट्टा नाही करत मी. मला कळतं काय होतं ते. ती काजळी पेटली की धुराड्यातून आगगाडी चालल्यासारखा आवाज येतो. पलीकडचं न्येर्डरूमांचं घर तसंच गेलं, मी बादली घेऊन धावलो होतो, काय उपयोग. मला कळतं गं. मीच तर सगळ्यांना सांगायचो. नव्या शेगडीची हवेची झडप रात्री बंद करायची नसते, हवा मिळाली पाहिजे तिला, जळू दे, विझली तर विझू दे, सकाळी पुन्हा पेटव. पण आमच्या वयाची माणसं — आमच्या लहानपणी काय होतं? मोठी बिडाची शेगडी, त्यात रात्री एक जाडजूड ओंडका टाकायचा, तोही ओलाच, हळू जळावा म्हणून, आणि झडप लावून टाकायची. सकाळपर्यंत निखारे जिवंत. या खोऱ्यात प्रत्येक घरात हेच. सवय आहे ती, रोग नाही. तुझ्या तपासणीच्या कागदावर लिहिणार असशील तर सवय म्हणून लिही.

मी? मी नाही लावत झडप. मीच कशाला — म्हणजे, लावत असेन. हो, मीच लावतो. कडाका किती पडला होता यंदा, जानेवारीत दाराची कडी हाताला चिकटत होती, मग लावली असेल मी कधी कधी. लिही, हालवार लावतो झडप. दंड असला तर सांग.

ती? छे, ती शेगडीला हात नाही लावत. बसते नुसती समोर. सकाळी उठली की इथं, जेवली की इथं. विणकामाच्या सुया घेऊन बसते — लोकर नसते कधी कधी सुयांवर, पण हात चालू असतात, छान वाटतं बघायला. शेगडीला हात म्हणून — सिग्रुन. सिग्रुन, नको. अगं नको, दुपार आहे आत्ता, बाहेर बघ ऊन आहे — सिग्रुन, भाजेल गं—

लावली. बघितलंस.

थांब, मी उघडतो. तू बस, तू उठू नकोस, तू गेलीस तर घाबरेल. हं, झालं. हो सिग्रुन, झालं तुझं काम. निखारे राहतील सकाळपर्यंत. शाबास. हो, आईला सांगतो मी.

हिच्या माहेरी आठ पोरं, ही थोरली. रात्रीची झडप हिच्याकडे. सगळ्यांच्या शेवटी निजायचं, ओंडका टाकायचा, झडप लावायची. एकदा विसरली लहानपणी तर सकाळी थंडगार शेगडी. आईनं हिला बर्फातून शेजारी पाठवलं निखारे मागायला, शेजार म्हणजे नदीपलीकडे, डबा हातात. परत येताना डबा पडला म्हणे बर्फावर, चर्र झालं नि संपलं. मग पुन्हा मागायला जायचं. ते हिला आठवतं. माझं नाव आठवत नाही दुपारनंतर, मला दादा म्हणते, कधी अहो म्हणते परक्या माणसासारखं, पण ती झडप बरोबर आठवते. आग दिसली की हिला वाटतं रात्र झाली. उठते नि लावते. लाकूडही आणते. ते आणते कुठून, तर स्वयंपाकघराच्या दाराशी जी थप्पी आहे तिच्यातलं, या हिवाळ्यात पाडलेलं, चिंब ओलं, मी तिथं नुसतं रचून ठेवलंय ईस्टरला फोडायला म्हणून. वास आवडतो हिला ओल्या भूर्जाचा. नाकाशी धरते आधी, मग आत टाकते. आता सांग, कोण रागावणार अशा माणसावर?

केलं ना, सगळं करून पाहिलं. झडपेला तार गुंडाळली. सोडवत बसली ती, शेगडी धगधगत असताना, बोटांना फोड आले. ती पट्टी बघ हाताला, त्याचीच. पालिकेची नर्स येते ना गुरुवारी, तिनं विचारलं, हे काय? मी म्हटलं वॅफलच्या साच्यावर भाजलं. लिहून घेतलं तिनं, वॅफलचा साचा. या घरात वॅफल किती दिवसांत झाले नाहीत, पण बाई भली आहे, विश्वास ठेवते. मग ती ओली थप्पी हलवायला घेतली मी, तर पाठ अशी धरली की दोन दिवस रांगत होतो. मग काय, आता खुर्ची टाकून बसतो मी शेगडीपाशी. ती जागी असेल तेव्हा मीही जागा. पण माणूस आहे मी, डुलकी लागते. बर्फ काढायला बाहेर जावं लागतं. संडासला जावं लागतं, उन्नी, हसू नकोस.

तो? तो धुराचा अलार्म. हो, आहे की. छताला आहे, दिसतोय ना? बटण दाबून बघायचं? आता कशाला त्रास घेतेस, कॉफी गार होईल — बरं, दाब. मला माहीत आहे वाजणार नाही. बॅटरी मी काढली. ऐकून तरी घे. महिन्याभरापूर्वी वाजला, झडपेमुळेच, धूर उलटा घरात आला. ते किंचाळणं ऐकून ही उठली नि पळत सुटली बाहेर, मोजे घालून, रात्रीच्या कपड्यांत, तेवढ्या थंडीत. मी मागं धावलो. गोठ्याच्या भिंतीला चिकटून उभी होती, दोन्ही कानांवर हात. मला मारायला लागली, मी कोण तेच कळेना तिला. उचलून आणली घरात. पाय चोळत बसलो तासन्‌तास, बोटं पांढरी पडली होती. त्या दिवशी बॅटरी काढली नि नदीच्या बाजूला भिरकावून दिली. तूच सांग, काय करायला हवं होतं? नियम मला माहीत आहे. नियमानं मी गुन्हेगार. नियमाला काय, त्याला कोणाचे पाय चोळायचे नसतात.

हे बघ, तू बापाच्या ब्रशची शपथ घे नि ऐक. तू लिहिलंस की काय होणार ते मी सांगतो तुला. शेगडी बंद, तिच्या दाराला तुमचं लाल सील. म्हणजे विजेचा हीटर. ठीक आहे, हीटरनं मरत नाही कोणी. पण मग ते विचारणार, झडप कोण लावतं? नर्स येणार, बोटं बघणार, वॅफलचा साचा मागणार बघायला. मग डॉक्टर, मग ओस्लोहून आमची लेक सोल्वाय — ती तर टपलेलीच आहे, दर रविवारी फोनवर तेच, बाबा, तुमच्यानं नाही होणार, बाबा, ऐका. मग खालचा वृद्धाश्रम. सिग्रुन तिकडे नि मी इकडे.

गेलो होतो ना बघायला. सोल्वायच्या हट्टापायी. चांगला आहे, नावं ठेवणार नाही मी. जमीन खालून गरम, उशा पांढऱ्या, पोरी हसऱ्या. पण वास नाही कसलाच. खिडक्या जेमतेम तेवढ्या उघडतात, हात बाहेर जाईल एवढ्या. सिग्रुन आत गेल्या गेल्या भिंत चाचपायला लागली. एक भिंत, दुसरी भिंत, पडद्यामागे, कपाटामागे. ती पोरगी म्हणाली, आजी काय शोधताय? मला कळलं काय शोधते. मग तिला बैठकीच्या खोलीत नेलं, तिथं भिंतीवर मोठा टीव्ही, आणि टीव्हीत काय, तर आग. लाकडं जळताना दाखवतात दिवसभर, तडतड आवाजासकट. सगळी म्हातारी अर्धवर्तुळ करून बसलेली तिच्यासमोर, हात पुढे धरून. आमच्या शाळेतला शिक्षक होता त्यात, तुझ्या बापाचा मित्र — हात शेकत होता टीव्हीवर. सिग्रुन त्या टीव्हीपाशी गेली. खाली वाकली. झडप शोधत होती. मग वळून माझ्याकडे बघितलं नि म्हणाली, हालवार, ही आग थंड आहे. नावानं हाक मारली मला, दुपार उलटून गेली होती तरी. मी तिचा कोट घातला तिला, हाताला धरली, नि घरी आणली. आता मी तिथं परत नेऊ?

आणि ती पूर्ण गेलेली नाही, हे लोकांना कळत नाही. सकाळी असते ती. रोज नाही, पण एखाद्या सकाळी कॉफीचा वास आला की उठून बसते, आणि सगळी असते — सगळी, पूर्वीसारखी. विचारते, हालवार, काल पुन्हा केलं का मी काही? आणि माझ्याकडे असं बघते. मी म्हणतो नाही, काही नाही केलंस. ती म्हणते, मग खोलीत धुराचा वास का? मी म्हणतो, बाहेर वारा उलटा आहे. दर वेळी वारा उलटा. मग ती कप दोन्ही हातांत धरून बसते. त्या सकाळी मला सगळ्यांत नकोशा वाटतात, उन्नी. देवाशपथ सांगतो, ती मला दादा म्हणते तेव्हा बरं असतं.

कसली मांजर? ती ताटली — हां, ती ताटली मोन्सची. मांजर होतं आमचं. गेलं. म्हातारं झालं होतं, झोपेत गेलं. नाही, फार म्हातारं नव्हतं. दोनतीन वर्षांचं असेल. शेगडीच्या खाली झोपायचं, तिथंच, अगदी चिकटून. सकाळी बघितलं तर ताठ. काही जखम नाही, काही नाही. अशीच जातात मांजरं. ताटली काढायची राहिली आहे, सिग्रुन दूध ओतते तिच्यात अजून — असं नको बघूस माझ्याकडे. तुझा बाप बघायचा असा. तो काही बोलायचा नाही, नुसता बघायचा नि माणूस बोलायला लागायचा.

हो. त्याच सकाळी. दोघांचं डोकं दुखत होतं. दोघांचं म्हणजे — माझं. तिचं तिला सांगता येत नाही. झडप लावली होती तिनं पहाटे, मला डुलकी लागली होती खुर्चीत. जाग आली ती डोकं शिशाचं झाल्यासारखी, आणि मोन्स पायाशी पडलेला. कोंडलेल्या आगीतून निघतो त्या विषारी वायूला वास नसतो, नाकाला कळत नाही, पण मला कळलं. या खोऱ्यात कोणाला नाही कळणार? लहानपणापासून ऐकत आलो. सिग्रुन पलंगावर होती, दार उघडं होतं मधलं, मला तिचा चेहरा दिसत होता. छान दिसत होती. गाल लाल झाले होते, लग्नाच्या वेळी होते तसे. मी म्हटलं, उठायला पाहिजे. दार उघडायला पाहिजे. पाय हलत होते माझे, हलत नव्हते असं नाही. खोटं कशाला बोलू. चार पावलांवर दार. मला वाटलं, घरात ऊब आहे. ती झोपली आहे. आज गुरुवार, नर्स येईल, बोटं बघेल. आणि मी — मी नाही उठलो. बसून राहिलो. घाबरलो नव्हतो. बरं वाटत होतं मला, उन्नी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा इतकं बरं वाटलं, की आता कोणाला काही सांगायला नको, आणि कोणाला कुठं पाठवायला नको.

तीच उठली. हिंदकळत उठली, भिंत धरून, माझ्यासमोरून गेली, मी आहे हेसुद्धा बघितलं नाही, आणि दार सताड उघडलं. गाईंना हाक मारत होती. दागरोस, ये गं, ये. गाई विकून केवढी वर्षं झाली. उंबऱ्यावर उभं राहून हाका मारत राहिली, आणि बर्फाचा वारा आत आला असा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून आम्ही इथं बसलोय तुझ्याबरोबर कॉफी पीत. बाकी काही नाही. मोन्सला मी मागे पुरलं, जमीन एवढी घट्ट की कुऱ्हाडीनं फोडावी लागली.

मी हे का सांगितलं तुला? मला सांगायचं नव्हतं. तू विचारलंसही नाहीस. कॉफी प्यायला ये म्हटलं नि — विसर. म्हातारा बडबडतो असं समज. पुन्हा नाही होणार तसं. आता मी खिडकी उघडी ठेवतो बोटभर, बघ, ती बघ. तू फक्त ती काजळी खरवडून टाक, माझ्याकडे आहेत पैसे, हवा तेवढा वेळ घे, दोन दिवस घे, आणि कागदावर लिही धुराडं जुनं आहे. खोटं नाही ते. जुनंच आहे. पुढच्या वर्षी तुझा फेरा येईल तेव्हा बघू काय ते, पुढच्या वर्षीपर्यंत कोण राहील ते तरी—

म्हणजे? फेरा यंदा नव्हताच? पुढच्याच वर्षी होता? मग आज कशी आलीस? अच्छा. अच्छा, म्हणजे कोणीतरी कळवलं. सोल्वाय! तिथं ओस्लोत बसून — सोल्वाय नाही? नर्स? मग शेजारी, न्येर्डरूमांची सून, माझ्या धुराड्यातला धूर मोजत बसते नव्या बांधलेल्या घराच्या खिडकीतून, तिला मी एकदा—

फोनवर बाईचा आवाज, म्हणतेस? म्हातारीचा?

नाही. नाही गं, तिला फोन लावता येत नाही. तिला नंबर — तो तुमच्या ऑफिसचा आहे भिंतीवर चिकटवलेला, मोठ्या आकड्यांत, सोल्वायनंच चिकटवला, आग लागली तर म्हणून. कधी? मंगळवारी? मंगळवारी सकाळी मी मागे बर्फ काढत होतो. आत आलो तर फोनपाशी उभी होती, मी म्हटलं काय करतेस, ती म्हणाली धूळ पुसते. फडकं होतं हातात. होतं ना फडकं.

काय म्हणाली? सांग. तसंच सांग, गोड करून सांगू नकोस, तिचेच शब्द सांग.

...

पुन्हा सांग. मधलं.

‘झडप मी लावते, मला नंतर आठवत नाही. तो म्हणतो वारा उलटा आहे. माझा नवरा चांगला आहे, पण त्याला हे सांगता येणार नाही. तुम्ही या नि तुम्ही लिहा.’

तुम्ही लिहा असं म्हणाली.

आणि माझी काळजी घ्या, असं म्हणाली? माझी म्हणजे तिची? ...माझी. हालवारची.

लिही.

लिही म्हणतो ना, काढ तो कागद, सगळं लिही — झडप, ओलं लाकूड, अलार्म, बोटं, मोन्सपण लिही. मी काय केलं, म्हणजे काय नाही केलं, तेही लिही. नको, मला वाचून नको दाखवूस. शेगडीत काय आहे ते विझलं की सील लाव, आत्ता नको, तेवढं संध्याकाळपर्यंत जळू दे तिच्यासाठी. सोल्वायला मी करतो फोन, मीच करतो, ते काम माझं. तुझा ब्रश दाराशी राहिलाय, घेऊन जा. कॉफी राहू दे, धुतो मी कप. जा पोरी, आता नको बसूस इथं. मला बायकोशी बोलायचंय, आणि ते तुझ्यासमोर जमणार नाही.

सिग्रुन. अगं इकडे बघ ना. मी हालवार. तू मंगळवारी—